तळातले मासे ओळखायचं काम: टँकच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

भाऊजींचा टँक आज आमच्या हॉलमध्ये आला. त्यांची नागपूरला बदली झाली, एवढं काचेचं धूड तिकडे न्यायचं म्हणजे अर्धे मासे वाटेतच जाणार, म्हणून मीच म्हटलं द्या इकडे. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, म्हणजे काठोकाठ भरला तर अडीचशे लिटर, खडी आणि लाकूड वजा केलं तर दोनशेवीस धरू. निम्मं जुनं पाणी ड्रममध्ये भरून आणलं, फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात ओला ठेवला, कारण त्यातले बॅक्टेरिया मेले की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

वरच्या पाण्यात चार एंजल आणि टेट्रांचा थवा आहे, ते मला ओळखता येतात. प्रश्न खालच्यांचा आहे. दुकानाच्या बिलावर लिहिलंय: सकर १, गोल्डन सकर १, अल्गी ईटर २, कोरी ३. भाऊजी म्हणाले, "वहिनी, खालचे सगळे क्लीनर आहेत, त्यांना वेगळं खायला लागत नाही, शेवाळ आणि उरलंसुरलं खाऊन राहतात. एक पट्ट्यापट्ट्यांचा लोच पण होता, पण तो वर्षभर दिसला नाही, गेला असेल."

आता मी जे बघतेय ते असं. चार चार शेवाळ खाणारे असून मागच्या काचेवर हिरवे ठिपके घट्ट बसलेत, लाकडावर आणि फिल्टरच्या पाईपवर काळे केसाळ झुबके आलेत. मोठा सकर काचेला चिकटला तेव्हा त्याचं पोट दिसलं, पार खपाटीला गेलेलं. आणि एका एंजलच्या अंगावर दोन ठिकाणी खवले खरवडल्यासारखे पांढरे डाग आहेत. म्हणजे कोण काय खातो हेच इथे कुणाला माहीत नाहीये. म्हणून ठरवलं, एकेक मासा नीट ओळखायचा आणि वहीत लिहायचं, बिलावरच्या नावावर जायचं नाही.

६ फेब्रुवारी

पाण्याचं आधी उरकून टाकते. नळाचं पाणी खडकवासल्याचं, मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे) ११० आला, सोसायटीच्या बोअरचा ६८०. टँकचा ५४०, म्हणजे भाऊजी बोअरचंच घालत होते. एकदम बदलायचं नाही, दर आठवड्याला ३० लिटर नळाचं, क्लोरीन काढून.

९ फेब्रुवारी, रविवार

मोठ्या सकरचा दिवस. बाहेरून काचेवर टेलरची टेप धरून मोजला, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत २३ सेंटिमीटर.

नेटवर फोटो शोधत बसलं की सगळे सकर सारखेच दिसतात, म्हणून मी वेगळं केलं. पाठीवरचा पर तो क्वचितच पूर्ण उघडतो, पण काकडीचा तुकडा लावला तेव्हा गोल्डनवाला जवळ आला आणि याने पर असा उभा केला की शिडाची होडीच, तेवढ्यात मोबाईलवर बाजूने फोटो मिळाला. फोटो मोठा करून पराच्या काड्या मोजल्या. पुढचा जाड काटा सोडून १२. हे महत्त्वाचं आहे कारण दुकानात आणि जुन्या पुस्तकात याला हायपोस्टोमस म्हणतात, पण हायपोस्टोमसच्या पाठीवर काटा सोडून ७ च्या आसपास काड्या असतात. दहाच्या वर गेल्या की तो टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे सेलफिन गटातला. आपल्याकडच्या दुकानात ३०-४० रुपयांना जे काळपट इवलंसं पिल्लू 'सकर' म्हणून देतात ते बहुतेक वेळा हेच असतं.

मग पोट. पोटावरचे गडद ठिपके सुटे सुटे असतील तर पार्डालिस, एकमेकांत मिसळून गांडुळासारख्या रेघा झाल्या असतील तर डिस्जंक्टिव्हस. याचे पुढच्या बाजूला सुटे आहेत आणि मागे काही जोडलेले. दोघांचे संकर असतात, त्यामुळे मी वहीत 'टेरिगोप्लिक्थिस, पार्डालिसकडे झुकणारा' एवढंच लिहिलंय आणि तिथेच थांबले.

डोळा एकदा जवळून बघण्यासारखा आहे. बाहुलीवर वरून एक छोटा पडदा खाली उतरतो, उजेड जास्त झाला की तो मोठा होतो आणि बाहुली घोड्याच्या नालेसारखी उरते. मी टॉर्च लांबून हळूहळू जवळ आणला तर ते होताना दिसलं. ती पापणी नाहीये, तो बुबुळाचाच भाग आहे.

या जातीचा मासा दीड फुटाच्या आसपास जातो. चार फुटी टँकची रुंदीच दीड फूट आहे, म्हणजे उद्या त्याला नीट वळताही येणार नाही.

१० फेब्रुवारी

काल लावलेली काकडी रात्रीत संपली, सालीची फक्त रिंग उरली. आज दुधीचा तुकडा दोन मिनिटं उकळून, काट्याचमच्यात खोचून बुडवला. साडेनऊला दिवा बंद केला, पावणेदहाला सकर त्यावर होता. हा शेवाळ खात नाही असं नाही, पण एवढ्या अंगाला काचेवरचं शेवाळ कुठून पुरणार? त्याला उपाशी ठेवलं की तो काच जास्त साफ करेल, हा समजच घातक आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गोल्डन सकर. पिवळाधमक, १४ सेंटिमीटर, दिवसभर काचेवर.

नावात सकर असलं तरी मोठ्या सकरचा आणि याचा काडीचा संबंध नाही. सकर हा मिशीवाल्या माशांच्या म्हणजे कॅटफिशच्या कुळातला, अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत. याच्या अंगावर साधे खवले आहेत, पाठीवर काटा नाही, मिशा नाहीत. हा गायरिनोकायलस आयमोनियेरी. दुकानात चायनीज अल्गी ईटर म्हणतात पण मूळचा थायलंड, लाओस, कंबोडियाकडचा, मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला. जंगलातला रंग मातकट, काळ्या ठिपक्यांची रांग असलेला, हा सोनेरी रंग माणसांनी पैदाशीत धरून ठेवलाय.

पक्की खूण कुठे आहे तर कल्ल्याच्या झाकणाशी. आपल्या नेहमीच्या माशाला प्रत्येक बाजूला कल्ल्याची एकच फट असते, तोंडाने पाणी आत घेतो आणि फटीतून सोडतो. याचं तोंड दगडाला चिकटलेलं, मग पाणी घेणार कुठून? तर याला झाकणाच्या वरच्या कोपऱ्यात आणखी एक छोटी फट असते, तिथून पाणी आत आणि खालच्या फटीतून बाहेर. म्हणजे वाहत्या पाण्यात दगड न सोडता खाणं आणि श्वास दोन्ही चालू. मी काचेला नाक लावून बसले, ती वरची फट इतकी भरभर उघडझाप करते की डोळ्यांनी मोजताच येईना, शेवटी स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला आणि १० सेकंदात ३६ मोजल्या. शेजारी एंजलच्या कल्ल्याची झाकणं तेवढ्याच वेळात १५ वेळा हलली. ही फट दिसली की दुसरं काही बघायची गरज नाही, मासा पिवळा असो नाहीतर मातकट.

लेकीने तो व्हिडिओ आजीला दाखवला. आई (माझ्या सासूबाई) नीरेच्या काठच्या गावातल्या. त्या बघून म्हणाल्या, "अगं हा तर मळ्यासारखाच चिकटतोय की. आमच्या नदीत दगडाला असाच बसायचा, हात लावला तरी सुटायचा नाही लवकर." मळ्या कोण ते शोधायला हवं.

१६ फेब्रुवारी, रात्र

एंजलचे डाग कुणामुळे ते कळलं. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद रबराने बांधला, लाल उजेडाने मासे फारसे बिचकत नाहीत. साडेअकराला एंजल मागच्या कोपऱ्यात स्थिर उभे होते आणि गोल्डन एकाच्या कुशीला तोंड लावून चिकटलेला. एंजलने झटकलं, तो सुटला, दहाएक सेकंदांनी परत. अंगावरचा बुळबुळीत थर खातो तो, आणि चपट्या, सावकाश फिरणाऱ्या माशांवर त्याचं जास्त लक्ष असतं. पिल्लू असताना हा खरंच शेवाळ खातो, म्हणून सगळे घेतात, मग मोठा होतो तसा शेवाळ कमी आणि भांडण जास्त. पार २५ सेंटिमीटरच्या वरही जातो.

मला त्या एंजलचं फार वाईट वाटलं. रोज रात्री हे चाललं असणार आणि सकाळी आपण दिवा लावून म्हणायचं किती सुंदर टँक आहे.

१७ फेब्रुवारी

गोल्डनला गॅलरीतल्या दोन फुटी टँकमध्ये हलवलं. ही कायमची सोय नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

अल्गी ईटर २. बिलावर एकच नाव आणि मासे मात्र दोन वेगळे निघाले, हे आजचं मोठं काम झालं.

दोघंही लांबुडके, साधारण ९-१० सेंटिमीटर, अंगावर नाकापासून मागेपर्यंत काळा पट्टा. लांबून बघितलं तर जुळे. पहिल्या आठवड्यात मी पण दोघांना एकच धरलं होतं. आज दोघं शेजारी शेजारी एकाच पानावर टेकले तेव्हा फरक डोळ्यात भरला.

पहिल्याचा काळा पट्टा शेपटीच्या परात घुसून थेट मधल्या खाचेपर्यंत जातो. पट्ट्याची कड सरळ नाही, करवतीसारखी दातेरी आहे, कारण खवल्यांच्या कडाच काळ्या आहेत. वरची बाजू फिकट करडी-तपकिरी. आणि शेपटी सोडून बाकी सगळे पर पारदर्शक, काचेसारखे, कुठेही काळं नाही. हा खरा सायामी अल्गी ईटर, क्रॉसोकायलस.

दुसऱ्याचा पट्टा पण शेपटीत जातो, पण कड सरळ कापल्यासारखी, आणि पट्ट्याच्या वर एक स्पष्ट सोनेरी रेघ आहे, पैठणीच्या काठाला जर असते तशी. पाठीवरच्या आणि पोटाखालच्या परांवर काळा पट्टा आणि टोकं पांढरी. हा फ्लाइंग फॉक्स, एपालझेओरिंकस कालोप्टेरस. दिसायला हाच जास्त देखणा.

तिसरा एक मासा पण याच नावाखाली विकतात, गारा कंबोडगिएन्सिस, त्याचा पट्टा शेपटीच्या मुळाशीच थांबतो, परात जात नाही. आमच्याकडे तो नाही, पण दुकानात गेलं तर शेपटी बघायची हे लक्षात ठेवायचं. आणि पिशवीत मासा घाबरलेला असतो तेव्हा पट्टा फिका पडतो, त्यामुळे पिशवीतल्या माशावरून काही ठरवू नये, दुकानाच्या टँकमध्ये शांत असताना बघावं.

ते काळे केसाळ झुबके म्हणजे ब्लॅक ब्रश अल्गी, नाव काळं असलं तरी ते लाल शेवाळाच्या गटातलं, आणि फार कमी मासे त्याला तोंड लावतात. सायामी लावतो म्हणतात. मग इथे का नाही लावला? मला वाटतं रोज दोन वेळा भरपूर फ्लेक (माशांच्या खाण्याच्या पापड्या) पडत होते म्हणून. आयतं मिळालं तर कोण उपसणार. उद्यापासून फ्लेक एकदाच आणि टेट्रा दोन मिनिटांत संपवतील एवढेच, रविवारी उपास. खालच्यांना मात्र रात्री वेगळं द्यायचं, ते चुकवायचं नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी होती म्हणून लाकूड बाहेर काढून खालची घाण सायफनने ओढायची ठरवली, लाकूड उचललं आणि त्याच्या पोकळीतून तो बाहेर आला! भाऊजींचा वर्षापूर्वी गेलेला लोच. जिवंत. जेमतेम सहा सेंटिमीटर, अंगावर पिवळट आणि काळपट अशा बारीक तिरप्या पट्ट्या, तोंडाशी छोट्या मिशा. मी लाकूड तसंच परत ठेवलं, हात थरथरत होता माझा.

भाऊजींना फोन केला तर त्यांचा विश्वासच बसेना, व्हिडिओ पाठवला तेव्हा गप्पच झाले.

२ मार्च, रविवार

लोच बोटिया स्ट्रायाटा आहे, झेब्रा लोच. दुकानात यो-यो लोच म्हणून जो मिळतो तो बोटिया आल्मोरी, त्याच्या पट्ट्या वाय आणि ओ अक्षरांसारख्या दिसतात म्हणून ते नाव. याच्या पट्ट्या अरुंद, दाट, आणि तोंडाजवळ पुढे झुकलेल्या. बोटियांच्या डोळ्याखाली एक दुटोकी काटा असतो, एरवी त्वचेच्या खोबणीत मिटलेला, घाबरला की उघडतो आणि जाळीत अडकतो. म्हणून याला कधीही जाळीने धरायचं नाही, प्लास्टिकच्या डब्याने धरायचं. सकरला पण तेच, त्याच्या परांचे काटे जाळीत असे गुंततात की शेवटी जाळी कापावी लागते.

आता जे कळलं त्याने मी दोन दिवस अस्वस्थ आहे. हा मासा मलेशिया-थायलंडचा वगैरे नाही. हा आपला आहे, सह्याद्रीतल्या, कृष्णेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-नद्यांचा, महाराष्ट्र आणि कर्नाटक सोडून जगात कुठेही नाही. १९२० मध्ये शिमोग्याकडच्या तुंगा नदीतल्या नमुन्यांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. आणि आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत तो धोक्यात आलेला म्हणून नोंदलाय. वाळूउपसा, धरणं, शेतातली औषधं, आणि वर अॅक्वेरियमसाठी पकडणं.

हा शेवाळ खात नाही. गोगलगायी, अळ्या, तळात बुडलेलं काहीबाही. म्हणजे भाऊजींच्या 'सगळे क्लीनर' मधला हा पण नाही. वर्षभर याने टँकमधल्या बारक्या गोगलगायींवर दिवस काढले असणार, कारण लाकडाखाली रिकाम्या शंखांचा ढीग सापडला.

८ मार्च

झेब्रा लोच एकटा राहायचा मासा नाही, त्यांना पाचसहा जणांची टोळी लागते. म्हणून दुकानात गेले. तिथे एका टँकमध्ये वीसेक होते. विचारलं, हे फार्मवर पैदा केलेले की नदीतून पकडलेले? दुकानदार म्हणाला, "मॅडम, पेटी येते, त्यात जे असतं ते आम्ही विकतो." खोटं नाही बोलला. मी न घेता आले. घेतले तर नदीतून आणखी पाच कमी, नाही घेतले तर घरातला एक एकटा. मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

९ मार्च, रविवार

कोरी ३. दोन एकसारख्या, तिसरी वेगळी.

कोरी ओळखायला एकदम सोपी. कुशीवर हाडाच्या पट्ट्यांच्या फक्त दोन रांगा, एक वर एक खाली, कौलं लावल्यासारख्या, आणि मधून एक शिवण. सकरला अशा बऱ्याच रांगा असतात. तोंड खाली वळलेलं, पण चिकटणारं नाही, मिशा वाळूत खुपसून हुंगायचं तोंड आहे ते. म्हणून कोरी काच साफ करेल ही अपेक्षाच चुकीची, तिला खरवडायचे ओठच नाहीत.

दोघी ब्राँझ आहेत, कल्ल्याजवळ हिरवट चमक, बाकी तपकिरी. तिसरी मिरपुडीसारखे डाग असलेली, पेपर्ड. आधी या सगळ्या कोरिडोरास नावाखाली होत्या, २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या गटाचे तुकडे केले, आता ब्राँझ ऑस्टिओगॅस्टरमध्ये आणि पेपर्ड हॉप्लिसोमामध्ये गेली. म्हणजे माझ्याकडची 'एकाच जातीची तीन' आता कागदावर दोन वेगळ्या गटांतली झाली आणि खरंच त्या एकत्र फिरतही नाहीत, पेपर्ड बिचारी त्या दोघींच्या मागे मागे.

लेक धावत आली, "आई, कोरीला श्वास लागतोय, सारखी वर जाऊन हवा खातेय." तसं नाही. कोरी वर झेपावून हवेचा घोट घेते आणि आतड्यातून त्यातला प्राणवायू शोषते, ही तिची नेहमीची सवय. दहा मिनिटांत दोन-तीनदा गेली तर काळजी नाही. सगळे मासे वर तोंड करून थांबले तर मात्र घाईने एअर पंप बघायचा.

तिघींच्या मिशा तोकड्या झाल्यात, एकीची तर डावीकडची जवळजवळ नाहीच. खाली टोकदार रंगीत खडी आहे, शिवाय खडीच्या फटीत अन्न सडत होतं, दोन्हीमुळे होतं असं. खडी काढून बारीक नदीची वाळू घालायची, पण एकदम नाही, दर आठवड्याला पाव भाग.

१४ मार्च, धुळवड

बाहेर रंग, मी आत खडी काढत. वाळू २० किलो धुतली, बादलीत हात घालून ढवळायचं, गढूळ पाणी ओतायचं, परत. सोळा पाणी लागली. पहिल्या कोपऱ्यात वाळू पडल्यावर अर्ध्या तासात तिन्ही कोरी तिथे, डोळ्यांपर्यंत तोंड खुपसून वाळू आत घेतायत आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतायत, धूर निघाल्यासारखी. खडीवर त्यांना हे करताच येत नव्हतं. मी तशीच ओल्या हातांनी बसून राहिले.

१६ मार्च, रविवार

पाईपवरचे काळे झुबके निम्मे झाले! सायामी उपसतोय. झुबक्याचं टोक ओठात धरतो, अंग वळवून ओढतो, पुढच्या झुबक्याकडे. फ्लाइंग फॉक्स एकदाही तिकडे फिरकला नाही, तो पानांवरचं हिरवं मऊ शेवाळ खातो आणि सायामीला हाकलतो. दिसायला जुळे पण स्वयंपाक वेगळा.

काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके कुणीच खात नाही. ते मी जुन्या एटीएम कार्डाने खरवडले, पाच मिनिटांचं काम.

२३ मार्च, रविवार

मोठ्या सकरचा प्रश्न सोडवायला घेतला. घरात चर्चा झाली. हे म्हणाले, "आईच्या गावाला जाऊच आपण पुढच्या महिन्यात, तेव्हा वीर धरणात सोडून देऊ, मोकळं राहील बिचारं." वाईट हेतूने नाही म्हणाले, पण मी ठाम नाही म्हटलं. हा दक्षिण अमेरिकेतला मासा. केरळात, कोलकात्याच्या पाणथळींत, आंध्रात कृष्णेत लोकांनी सोडलेल्या अशाच घरच्या सकरची पुढे वाढ झाली. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, काठ ढासळतात. चिलखतामुळे त्याला खाणारं फारसं कुणी नाही, आणि जाळ्यात आला की कोळ्याचं जाळं फाडतो.

मी हे सांगत होते तेव्हा आईंनी विचारलं, "आणि हा खातो काय तिथे?" म्हटलं, दगडावरचं शेवाळ. "म्हणजे मळ्याचं ताट हाच पळवणार." बस, विषय तिथेच संपला.

मळ्या मला सापडलाय बरं का. गारा मुल्या. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनची मोजदाद करायला आला होता, त्याने इथल्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ मध्ये वर्णनं छापली, आणि इथली स्थानिक नावंच त्याने बऱ्याच माशांच्या शास्त्रीय नावात घातली. म्हणून मुल्या. तसंच मुरी माशाचं, तळातला तो लोच, त्याचं नाव साइक्सने मूरेह लावलं, आज पॅराकॅन्थोकोबिटिस मूरेह. आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मुरीच ती. चिखलात असते. आमची आजी मुरीचं कालवण करायची." मी इतके दिवस क्रॉसोकायलस आणि गायरिनोकायलस पाठ करत होते आणि दगडाला चिकटणारा आणि तळात लपणारा या दोघांची मराठी नावं लॅटिनमध्ये जाऊन बसलीयत हे घरातच बसलेल्या बाईच्या तोंडून कळलं.

३० मार्च, गुढीपाडवा

भाऊजींच्या ओळखीतल्या एकांकडे आठ फुटी टँक आहे, त्यात मोठे चपळ बार्ब. ते सकर आणि गोल्डन दोन्ही घ्यायला तयार झाले. तिथे एंजलसारखे सावकाश मासे नाहीत ते आधी विचारून घेतलं. सकाळी पूजा झाल्यावर दोघांना झाकणाच्या बादल्यांतून नेलं. सकर आता २४ सेंटिमीटर, पोट भरलेलं. निघताना लिहून दिलं: रोज रात्री काकडी, दुधी किंवा बुडणारी वेफर, आणि एक लाकूड ठेवाच, तो ते खरवडतो.

६ एप्रिल

टँकचं तापमान ३१. कोरींना एवढं सोसत नाही. दुपारी झाकण उघडं ठेवून पाण्यावर छोटा पंखा लावला, २८.५ वर आलं. बाष्पीभवनाने रोज तीन लिटर पाणी घालावं लागतंय. एंजलचे डाग पूर्ण भरले.

१३ एप्रिल, रविवार

लोच काल संध्याकाळी दिवा चालू असताना बाहेर आला, कोरींमध्ये फिरला, बुडणारी गोळी खाल्ली आणि मग लाकडाशेजारी चक्क कुशीवर आडवा झाला. माझ्या काळजाचा ठोका चुकला, पण लोच असे झोपतात. दहा मिनिटांनी उठून गेला. पेपर्ड कोरी हल्ली त्याच्या जवळपास असते.

टँकच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला, प्रत्येकाचं नाव, लांबी, खाणं, धरायचं कसं. आम्ही चार दिवस गावाला जातोय आणि शेजारच्या काकू खायला घालणार आहेत. कागदावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: खालच्यांना रात्री नऊनंतर, दिवा बंद करून.

१९ एप्रिल, शनिवार. आईंचं गाव

नदीला पाणी कमी, मधे मधे डोह आणि त्यांना जोडणारी खळाळ. आई काठी टेकत थेट खडकाळ भागात गेल्या आणि एका दगडाकडे बोट दाखवलं. दगडाच्या वरच्या बाजूला बोटाएवढे स्वच्छ पट्टे होते, बाकी सगळीकडे हिरवट साय. "हे बघ, इथे चरलाय."

आम्ही वाकून थांबलो. पाण्यात माझी सावली पडली की काहीच नाही, मागे सरकलं की दोन मिनिटांनी हालचाल. दगडाच्या कडेला बोटभर लांबीचा काळपट मासा आला, टेकला, आणि प्रवाह अंगावरून जातोय तरी जागचा हलेना.

लेकीने आणि मी ओढणी दोन बाजूंनी धरून तिसऱ्या प्रयत्नात एक पकडला, टिफिनच्या पारदर्शक डब्यात नदीचंच पाणी घेऊन त्यात सोडला आणि डबा डोक्यावर धरून खालून बघितला. तोंड खाली, बाजूला आखूड मिशा, आणि खालच्या ओठाच्या मागे हनुवटीवर एक गोल मांसल चकती, शर्टाच्या बटणाएवढी, कडा किंचित उचललेल्या. सकर ओठांनी चिकटतो, गोल्डन पण ओठांनीच, आणि हा हनुवटीने! कल्ल्याला फट एकच, वर दुसरी नाही, ते पण तपासलं. डब्याच्या तळाला त्याने ती चकती टेकवली आणि लेकीने डबा थोडा कलंडला तरी तो घसरला नाही. ती बघतच राहिली, मी फोटो काढत होते, एक बाजूने, एक खालून, एक शेपटीचा.

"सोडा गं आता," आई म्हणाल्या, "पाणी गरम होतंय त्याचं."